तिपाईची उंची

एकाच फळीला दोघांनी कान लावला होता. ती या टोकाला, तो त्या टोकाला, आणि मध्ये वखारीतला सगळा भुसा तरंगत होता. तिनं बोटाच्या पेरानं फळीवर टकटक केली. पलीकडूनही टकटक आली... ती दचकून उभी राहिली.

"ही फळी माझी आहे," पलीकडचा उंच माणूस म्हणाला. "सकाळीच बाजूला काढलीय मी."

"मग राखणीला कुत्रं तरी बांधायचं होतं!"

तो हसला नाही, पण त्याच्या मिशीचं एक टोक हललं. "तुम्ही काय ऐकत होतात?"

"ठोकल्यावर घुमत नाही ना, ते. मला लगेच गप्प होणारं लाकूड हवंय."

"लगेच गप्प होणारं..." त्यानं फळीकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. "असं लाकूड मिळतं. माणसंही मिळतात."

ती शाळेत विज्ञान शिकवायची. आजोबांची पितळी दुर्बीण तिच्या वाट्याला आली होती, पण दुर्बिणीखालचा पत्र्याचा ट्रायपॉड असा, की जिन्यात मांजर चढलं तरी आकाशात चंद्र नाचायचा. आणि तिला तर आता सेकंद टिपायचा होता. दूरच्या वेधशाळेत निरीक्षकाची एक जागा निघाली होती. अट अशी, की महिन्याभरानं चंद्रकोरीच्या काळ्या कडेआड एक तारा जाणार होता, तो आपल्या गावातून नेमका कोणत्या सेकंदाला गेला ते कळवायचं. तारा क्षणात विझतो. नजर हलली, की संपलं. अशी जागा मिळावी म्हणून ती सहा वर्षं झुरत होती.

हे सगळं तिनं वखारीत उभ्याउभ्या सांगून टाकलं. तो सुतार निघाला. भागातले लोक त्याला ओळंबा म्हणायचे. वाकडं सहन व्हायचं नाही त्याला, ना लाकडातलं, ना बोलण्यातलं.

"तिपाई मी करून देतो," तो म्हणाला. "फळी दोघांची."

मग ती रोज शाळा सुटली की त्याच्या कारखान्यात जाऊ लागली. पाय जाड हवेत, डोक्याशी फाकलेले हवेत, सांध्यात केसाएवढीही फट नको — तो सांगायचा आणि ती मान डोलवायची. मधूनच तो तिपाईला टिचकी मारायचा, ती दुर्बिणीला डोळा लावून मोजायची.

"एक... दोन... थांबलं! दोन सेकंद!"

"अजून एकावर आणतो."

"फार झालं. एवढं पुरे."

"तुम्हाला घाई आहे जायची," तो रंधा पुसत म्हणाला, "मला नाही."

त्या वाक्यानं तिला रात्री झोप लागली नाही. खोटं कशाला बोला — घरी आत्याशी बोलताना तिच्या तोंडी तारे कमी आणि सांधे जास्त यायला लागले होते. आत्यानं तिला लहानाची मोठी केली होती. आत्याला काय कळायचं ते कळलं होतं.

उंचीचं माप कारखान्यातच घेतलं. तिथे उघडं आकाश दिसायचं ते फक्त छपरातल्या काचेतून, म्हणून दुर्बीण सरळ वर रोखली, ती खाली मान उंचावून उभी राहिली, आणि त्यानं तिच्या डोळ्यापासून माप धरलं. पट्टीचं टोक तिच्या केसांना लागलं. दोघंही जरा जास्तच वेळ हलली नाहीत.

शेवटचा आठवडा मात्र त्यानं पार ताणला. आज तेल वाळलं नाही, उद्या या. उद्या गेलं, की बिजागरी घट्ट आहे, परवा या. तो तिच्याकडे बघेनासाही झाला. तिला वाटलं, याला आपला कंटाळा आला. तिनं मनाशी ठरवलं, की आता जागा मिळालीच पाहिजे, म्हणजे इथून तोंड काळं करता येईल.

अखेर तारा जायच्या संध्याकाळीच तो तिपाई खांद्यावर घेऊन तिच्या गच्चीवर आला. चंद्रकोर पश्चिमेला, समोरच्या घरांच्या थोडीच वर होती. त्यानं दुर्बीण चढवली. तिनं नळी कोरीकडे वळवली... आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

नळी सरळ वर असली, की तिचं मागचं टोक खाली येतं. ती आडवी झाली, की तेच टोक वर जातं! डोळा लावायची काच तिच्या डोक्याच्याही वर गेली होती. एवढी विज्ञान शिकवणारी बाई, आणि माप घेतलं ते आभाळाच्या मध्यासाठी!

"स्टूल घे गं!" आत्या स्टूल घेऊन धावली. ती वर चढली. गच्चीची फरशी वरखाली, स्टुलाचे पाय चार, ते डुगडुगलं. काचेतून कोर दिसली, निसटली. तिनं नळी धरली, तर नळीच थरथरू लागली.

"तेरा मिनिटं उरलीत," ती म्हणाली. "संपलं सगळं."

"खाली उतरा." त्यानं पिशवीतून करवत काढली. "दुर्बीण उतरवून धरा."

"वेड लागलंय? घाईत तिन्ही पाय सारखे कसे कापाल?"

"चार पायांना सारखेपणा लागतो. तीन पाय कसेही उभे राहतात, डुगडुगत नाहीत." तो गुडघ्यावर बसला, त्यानं तिपाई उलटी केली.

तेव्हा तिला दिसलं. तिन्ही पायांवर, आतल्या बाजूला, पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. टोकापासून बरोबर दीड हातावर.

"या रेघा... कधीच्या?"

करवत चालू झाली होती. "आठ दिवसांच्या."

"तुला माहीत होतं!" रागात 'तुम्ही' कुठल्या कुठे उडून गेलं. "आठ दिवस मूग गिळून बसलास?"

"सांगितलं असतं, तर तू गेली असतीस." पहिला तुकडा पडला. "नाही सांगितलं, तर तुझा तारा हुकणार. रोज रेघ बघायचो, रोज तुला उद्या या म्हणायचो. आज येताना पिशवीत करवत घातली, तरी जिन्यात पाय अडखळत होते."

"आधी बोलला असतास, तर—"

"आत्याला मिशा असत्या, तर तिला काका म्हटलं असतं!" आत्या कडाडली. "आता काप म्हणावं त्याला!"

दुसरा तुकडा. त्याच्या कपाळावरचा घाम लाकडावर ठिबकत होता. तीन आठवडे घासूनपुसून केलेलं आपलंच काम तो कापत होता, आणि कशासाठी, तर ती दूर जावी म्हणून. तिला त्याचा गळा धरावासा वाटत होता, आणि तो घाम पुसावासाही. दोन्ही हातांत दुर्बीण होती, म्हणून दोन्ही राहिलं.

तिसरा तुकडा पडला. तिपाई उभी राहिली — किंचित कलती, पण ठाम. त्यानं दुर्बीण बसवली. तिनं डोळा लावला. कोर सापडली, काळ्या कडेला खेटून तारा होता, अगदी टिपूस. रेडिओच्या वेळेला सुरू करून ठेवलेलं शाळेतलं स्टॉपवॉच तिनं मुठीत धरलं. खाली रस्त्यानं एक ट्रक गेला, घर हादरलं. तिच्या डोळ्यातली कोर एकदाच थरथरली आणि गप्प झाली.

"गेला!"

तिचा अंगठा दाबला गेला होता. तिनं आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि वेधशाळेच्या अर्जावर लिहिला.

तो तुकडे गोळा करत होता. "मिळाला ना? मग निघतो मी."

"थांब. मी तुझ्यावर रागावलेय."

"रागवायलाच हवं."

"मधेच बोलू नकोस. भयंकर रागावलेय मी, आणि हा राग काही महिन्याभरात संपायचा नाही. तिकडे जाऊन कुणावर काढू?" तिनं अर्ज त्याच्यापुढे धरला. "इथे विचारलंय, राहायच्या खोलीत सोबत किती माणसं येणार. आत्या तर घर सोडणार नाही म्हणते. तूच भर."

त्यानं कागद घेतला. हात भुशानं माखलेले, पेन्सिल कानावर. त्यानं प्रश्नापुढच्या रिकाम्या चौकोनावर पडलेला भुसा फुंकला.

"माझा कारखाना...?"

"तिकडे दुर्बिणी आहेत, मोठाल्या. सगळ्यांना पाय लागतात."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि चौकोनात एकचा आकडा काढला. तो जरासा वाकडा आला, पण या वेळी त्यानं खोडला नाही.