पितळी वाट्या

काशीराम गोताड खुर्चीत बसायलाच तयार नव्हता. माळनाक्यावरच्या माडीवर, मृणाली सावंतच्या टेबलासमोर, तो टोपी हातात धरून उभाच राहिला.

"मना नोकरी परत नको, बाई," तो म्हणाला. "चूक माझी होती का नव्हती, तेवढाच सांगा. माझी असली तर गप गावाला जाईन."

मृणाली खाजगी तपासाची कामं करायची. घरमालक भिकाजी शिवलकर खालच्या मजल्यावर राहायचे आणि भाडं कमी घेतो या हक्कावर प्रत्येक तपासात नाक खुपसायचे. आज मात्र तो हक्क दुप्पट होता. भांडुपच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं टर्नर म्हणून काढली होती आणि त्यातली नऊ याच काशीरामच्या शेजारच्या मशीनवर. कारखाना बंद पडला तेव्हा मशीनं भंगाराच्या ट्रकवर चढताना दोघांनी मिळून पाहिली होती.

"अरे, बस की मेल्या," भिकाजी म्हणाले. "काय झालं ते नीट सांग."

झालं होतं ते असं. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत काशीराम सेटर होता, म्हणजे मशीनवर टूलं बसवून त्यांची मापं लावणारा. तिथे चौऱ्याण्णव सालचं, संगणकावर चालणारं एक सीएनसी लेथ होतं. दाभोळच्या एका ट्रॉलरसाठी पंख्याचे ब्राँझचे बंद तोंडाचे नट त्यावर चालले होते. नटाला एका बाजूने वीस मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि तळ शाबूत ठेवायचा. बुधवारी सकाळचे तीन नट झकास उतरले. जेवणानंतर चौथा लावला आणि ड्रिल तळ फोडून आरपार गेलं.

"इंजिनियर म्हणालान, काशीरामचे डोळे गेले. आणि मालकीण श्रद्धाबाईंनी मान डोलावलान." काशीरामने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "मोतीबिंदू काढून चार महिने झाले, बाई. डोळे चांगले हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाली आणि भिकाजी काशीरामला घेऊन कारखान्यात पोचले. जांभ्या दगडाच्या कुंपणाशी झेंडूची टोपली उतरली होती, कारण उद्या खंडेनवमी.

आत शिरताच कूलंटचा, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, तो आंबूस, तेलकट वास आला आणि भिकाजींचा पाय उंबऱ्यातच थांबला. सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी बायको हाच वास शर्टातून धुऊन काढायचा प्रयत्न करायची. आता बायको नव्हती आणि वासही राहिला नव्हता. त्यांना एकदम भरून आलं.

"काका, मशीन बघायला आलोय," मृणाली हळूच म्हणाली.

पडद्यावरची हिरवी अक्षरं कडेने फिकट झाली होती. पाचव्या टूलपुढे, म्हणजे त्या ड्रिलपुढे, आकडा होता १४८.३१. इलेक्ट्रिकच्या कपाटाच्या दारावर आतून खडूने आठही टूलांचे आकडे लिहिलेले होते. तिथे पाचव्यापुढे होतं १४२.३५.

"दारावर कशाला लिहिता?" मृणालीने विचारलं.

"जुना मशीन, बाई. बॅटरी मेली की पोटातले आकडे उडतात," काशीराम म्हणाला. "म्हणून रोज सकाळी सेटिंग झाला की खडूने उतरवून ठेवायचा."

"आणि सेटिंग कसं करता?"

काशीरामने भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडलं. जॉबच्या, म्हणजे घडवायच्या तुकड्याच्या, तोंडावर ते धरायचं, ड्रिलचं टोक हळूहळू जवळ आणायचं, आणि कागद ओढला की अडकला पाहिजे. तिथे त्या टूलचं शून्य, आणि त्याचाच आकडा पडद्यावर उमटतो.

"भांडुपला आम्ही बिडीच्या बंडलाचा कागद घ्यायचो," भिकाजी म्हणाले आणि खुशीत मशीनखालच्या ट्रेमधला बुरा चाळू लागले. त्यातून पितळेचा एक गोल तुकडा निघाला. त्याला मधोमध खोलगट खळगा होता, पूर्ण वीस मिलिमीटर रुंद, भिंती उतरत्या, तळाशी टोक. लखलखीत, नवा कोरा. भिकाजींनी तो खिशात टाकला. भंगार खिशात भरण्याची त्यांची खोड जुनी होती.

ओमकार माने हा तिथला इंजिनियर, पुण्याहून आलेला. बोलणं चटपटीत.

"सरळ केस आहे, मॅडम. बुधवारी दुपारी पाच मिनिटं लाईट गेली. आकडे उडाले. यांनी दारावरून परत भरले. खडूतला इंग्रजी दोन यांना आठ दिसला. बेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले. ड्रिल सहा मिलिमीटर जास्त आत गेलं."

"आकडे उडाले नव्हते," काशीराम म्हणाला. "मी हात लावला नाय."

"प्रोग्रॅम तुम्ही लिहिता?" मृणालीने ओमकारला विचारलं.

"मीच. भोक चाळीस खोल, टोकाच्या कोनाचे आणखी सहा, एकूण सेहेचाळीस. नट पन्नासचा, तळाला चार उरतात. टोक शून्यावर धरलं की बरोब्बर बसतं."

"मशीन तुम्ही चालवता?"

"छे! मी त्या वेळी टूल आणायला शहरात होतो. दुकानदाराला विचारा."

मृणालीने तिथूनच फोन लावला. ओमकार बारा ते अडीच खरंच दुकानात बसून होता.

मालकीणबाई श्रद्धा केळकर काचेच्या केबिनमध्ये होत्या. वडील दीपकशेठ जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यानंतरच काशीराम इथे आला होता.

"दसऱ्यानंतर मशीन भंगारात जातंय," त्या म्हणाल्या. "काशीरामकाकांना तोवर ठेवणार होते. पण चूक झाली ना?"

"जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठे होता?"

"इथेच. बाकी सगळे बाहेर काजूखाली जेवायला बसतात."

टेबलावर टाचण्या ठेवायला एक काळपट पितळी वाटी होती. मृणालीने ती उचलली.

"बाबांची आठवण," श्रद्धाबाई हसल्या. "ते मशीनवर असल्या वाट्या करायचे. मी त्यात भातुकलीचा भात शिजवायचे. आईची भांडी चोरायला नकोत म्हणून." बोलता बोलता त्यांनी वाटी मृणालीच्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली.

परत येताना रिक्षात भिकाजी म्हणाले, "ओमकारच. नवीन मशीन हवंय त्याला."

"काका, खिशात काय आहे?"

त्यांनी तुकडा काढून दिला. मृणाली तो घरापर्यंत बोटांत फिरवत बसली.

खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार चढला. कुंकू लावून झालं, पेढे फिरले. काशीराम सगळ्यांच्या मागे, दाराशी उभा होता. मृणालीने पुढे होऊन कपाटाचं दार उघडलं.

"आधी डोळ्यांचं बघू," ती म्हणाली. "दारावर आहे एकशे बेचाळीस दशांश पस्तीस. पडद्यावर एकशे अठ्ठेचाळीस दशांश एकतीस. ओमकार, तुम्ही दोनाचा आठ झालेला पाहिलात. पण पस्तिसाचे एकतीस कसे झाले?"

ओमकार पुढे वाकला. "शतांश मी… पाहिलेच नाहीत."

"चुकून वाचणारा एखादा अंक चुकेल. मुद्दाम घात करणाराही एखादाच अंक बदलेल. शेवटचे शतांश बदलतात ते कुणी ते ड्रिल हाताने नव्याने सेट केलं तर. म्हणजे आकडा दारावरून उतरवलेला नाही, मशीनवर नव्याने धरलेला आहे."

"पण सेट केलं तर सहा मिलिमीटर चूक?" भिकाजी म्हणाले. "एवढी चूक शिकाऊसुद्धा करणार नाही."

"चूक नाहीच, काका. रीत वेगळी. काशीरामकाका टोक शून्यावर धरतात. दुसरी रीत काय?"

भिकाजींच्या तोंडातला पेढा तसाच राहिला. "खांदा! ड्रिल पूर्ण जाड होतं तो खांदा शून्यावर धरायचा. रद्दी तुकड्यात टोक बुडवायचं, पूर्ण वीसचं वर्तुळ उमटलं की थांबायचं. वीसच्या ड्रिलचं टोक असतं सहा मिलिमीटर." ते थांबले. "आणि तुकड्यात राहते एक… वाटी."

मृणालीने लखलखीत तुकडा मशीनवर ठेवला. "ही बुऱ्यात सापडली. खांद्याने शून्य धरलं आणि प्रोग्रॅममध्ये टोकाचे सहा आधीच धरलेले. सहा दोनदा मोजले गेले, तळ फुटला. आता ही रीत इथे कुणाला येते? काशीरामकाका कागद वापरतात. ओमकार त्या वेळी शहरात होते आणि त्यांना टोकच ठाऊक. खांद्याची रीत दीपकशेठची होती. त्यांच्या वाट्यांत भातुकलीचा भात शिजायचा."

श्रद्धाबाई केबिनमध्ये गेल्या, टाचण्या टेबलावर ओतून काळी वाटी घेऊन आल्या आणि नव्या वाटीशेजारी ठेवली. दोन्ही एकाच मापाच्या होत्या.

"मशीन जाणार म्हणून," त्या म्हणाल्या. "एकदा, फक्त एकदा, बाबांनी शिकवलं तसं करून बघायचं होतं. सगळे जेवत होते. मालकीण मशीनला धरून रडतेय, हे कुणी बघायला नको होतं. नट फुटला तेव्हा मनात आलं होतं, आपणच तर नाही? पण शून्य तर मी बरोबर धरलं होतं. मग ओमकार डोळ्यांचं बोलला आणि… मला ते सोयीचं वाटलं." त्या काशीरामकडे वळल्या. "काका, तुमची चूक नव्हती. माझी होती. दोनदा."

काशीराम दारातून पुढे आला. त्याने काळी वाटी उचलून पाहिली.

"दीपकशेठची रीत खोटी नाय, बाई. तेव्हाचे प्रोग्रॅम तसेच असतील. फक्त एका मशीनवर दोन रिती चालत नायत." त्याने डोळे पुसले. "मशीन जाऊ दे जायचा तर. पण दाभोळवाल्याचे नट राहिलेत."

"तुम्ही याल?"

"कागद कोण धरणार मग?"

श्रद्धाबाईंनी कॅलेंडरचं कालचं पान फाडलं. काशीराम लांब, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि तिथूनच सांगत राहिला: हळू, अजून हळू, आता ओढा. कागद अडकला. श्रद्धाबाईंनी कपाटाच्या दारावरचा जुना आकडा पुसला, पडद्यात पाहून नवा लिहिला आणि बाजूला झाल्या.

भिकाजींनी मुद्दाम विचारलं, "काशीराम, काय लिहिलंय रे?"

पंधरा पावलांवरून, चष्मा खिशात ठेवूनच, काशीरामने मोठ्याने वाचलं, "एकशे बेचाळीस, छत्तीस."

ओमकारने दाराजवळ जाऊन पाहिलं, आणि खाली मान घालून पेढ्यांचं ताट काशीरामपुढे धरलं.