एकतीस मीटर लेसचा सूड

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. लावा पैज! बारा वर्षांच्या, चार फूट दोन इंचांच्या एका मुलीने शिट्टीमास्तरांसारख्या दांडग्या माणसावर सूड उगवला आणि तोही गुलाबी लेसने, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग सांगणाऱ्याकडे संशयाने बघतात. बघू देत! घडलं ते घडलं.

त्या मुलीला सगळे लवंगी म्हणत. दिसायला एवढीशी, पण दाताखाली आली की डोळ्यांतून पाणी! सुट्टीत ती धाकट्या भावाला घेऊन आत्याकडे आली होती. भावाचं नाव पडलं होतं शेपट्या, कारण ताई जाईल तिथे तो मागे असायचाच. आणि आत्याचा मुलगा म्हणजे खांब्या. तो इतका उंच होता की आत्या त्याच्याकडून शिडीशिवाय दिवे बदलून घ्यायची.

आत्याचं शिवणकामाचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून ही तिघं एक खेळ खेळत. खेळात फासे, राक्षस आणि गुहा. प्रत्येक वीराचं एक पत्रक असे आणि त्यावर बळ, चपळाई, नजर, धीर असे गुण लिहिलेले, एकपासून वीसपर्यंत. पण खोटे वीर किती दिवस खेळवणार? एक दिवस लवंगी म्हणाली, "आपलीच पत्रकं करू या! खरीखुरी मोजून!"

झालं! पाण्याची बादली धरून कोण किती वेळ उभं राहतं, ते झालं बळ. सुईत दोरा किती झटकन जातो, ती नजर. यात आत्याला वीसपैकी वीस मिळाले. तिने पाठ फिरवून, भांडता भांडता सुई ओवली होती. शेपट्याने "पोट" नावाचा एक नवाच गुण काढला आणि त्यात स्वतःला पंचवीस दिले.

"वीसच्या वर देता येत नाहीत रे!" खांब्या ओरडला.

"मग जेवायला बसून बघ माझ्याबरोबर!"

एक नियम मात्र लवंगीने पहिल्याच दिवशी घातला होता आणि तो वहीच्या मुखपृष्ठावर लिहिला होता : मोजणाऱ्यालाही मोजायचं!

सुट्टीत शाळेच्या मैदानावर मुलांचं शिबिर भरे, तिथेही ही तिघं जात. शिबिरातल्या शिट्टीमास्तरांनी ही वही पाहिली आणि तिथेच घोटाळा झाला.

मास्तरांच्या गळ्यात पितळी शिट्टी असे. ती फुंकली की शिबिरातली अठरा मुलं रांगेत उभी राहत, आणि पलीकडच्या गावातल्या बकऱ्यासुद्धा उंचीप्रमाणे उभ्या राहत. मास्तरांना रांगेचं भारी वेड! सगळ्यांत उंच मूल आधी, सगळ्यांत बुटकं शेवटी. "फोटोत उतरती रेघ कशी झकास दिसते!" असं ते म्हणायचे.

मास्तरांना वहीतली कल्पना आवडली. त्यांनीही सगळ्यांची पत्रकं करायचं ठरवलं. बळ, धीर, नजर तर मोजलीच, पण चपळाईची शर्यत सगळ्यांत महत्त्वाची. सहा-सहा मुलांच्या तीन फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरीतले पहिले दोघे होडीतून तळ्यातल्या बेटावर जाणार होते. तिथे जुना दीपस्तंभ होता, तंबूत दोन दिवस मुक्काम होता! लवंगी गेलं वर्षभर त्या बेटाची चित्रं काढत होती.

आणि ती शेवटची आली! खांब्याने रेघ ओलांडली तेव्हा ती वीस मीटर मागे होती.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पत्रकं लागली. तिच्या पत्रकावर लिहिलं होतं, "चपळाई : १". खाली मास्तरांनी गोगलगायीचं चित्रही काढलं होतं. चांगलं काढलं होतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

"अगं, गंमत केली!" मास्तर मोठ्याने हसले. "पुढच्या वर्षी लवकर नीघ म्हणजे वेळेवर पोचशील!"

सगळं शिबिर हसलं. लवंगी हसली नाही आणि रडलीही नाही. तिने पत्रक काढलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

घरी आल्यावर खांब्या म्हणाला, "त्यांच्या बुटात मुंग्या सोडू या का?"

"शिट्टीत डिंक!" शेपट्या म्हणाला.

"छे!" लवंगीचे डोळे नुसते लुकलुकत होते. "मुंग्या चावतील, दोन दिवसांत विसरतील. मला असा सूड हवाय की तो त्यांना जन्मभर आठवला पाहिजे!"

पण आधी एक कोडं सोडवायला हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या वहीत लवंगीची चपळाई होती सतरा आणि खांब्याची पंधरा. दुकानापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत दोघं पुन्हा धावली. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा लवंगी पुढे!

"मग मैदानावर तुला काय होतं?" खांब्या धापा टाकत म्हणाला.

"मला काही होत नाही. मैदानालाच काहीतरी होतं!"

तेवढ्यात शेपट्या म्हणाला, "ताई, दुसऱ्या फेरीत तो ठेंगू पण शेवटचाच आला. आणि तिसऱ्या फेरीत ती दात पडलेली मुलगी. ती तर माझ्याहून बुटकी आहे."

तिन्ही फेऱ्यांत सगळ्यांत बुटकं मूलच शेवटचं कसं?

"सगळे बुटके हळू असतात का?" लवंगीने विचारलं.

"उंदीर बघ की!" शेपट्या म्हणाला.

त्याच दुपारी आत्याने लवंगीला कामाला जुंपलं. नाटकासाठी एक गोल घेराचा झगा होता. तो मेजावर चकतीसारखा पसरला होता आणि त्यावर एकाबाहेर एक अशा लेसच्या सहा ओळी लावायच्या होत्या. लवंगीने लेसचे सहा सारखे तुकडे कापले. पहिली ओळ बरोबर बसली. दुसऱ्या ओळीला लेस थोडी कमी पडली. तिसऱ्या ओळीला जास्त कमी पडली. सहाव्या ओळीला तर हातभर जागा उघडीच राहिली!

"अगं बाई!" आत्याने कपाळावर हात मारला. "सगळे तुकडे सारखे कसे कापलेस? बाहेरच्या घेराला लेस जास्त लागणारच ना!"

लवंगीच्या हातातली कात्री खाली पडली.

मेजावर गोल झगा होता. झग्यावर सहा गोल ओळी. आणि मैदानावर? गेल्या वर्षीपर्यंत मुलं मैदानावर सरळ धावत. या वर्षी अर्ध्या मैदानात पाण्याची टाकी बांधायला काढली, म्हणून मास्तरांनी फक्कीने गोल पट्ट्या आखल्या होत्या. सहा पट्ट्या, आणि सगळ्यांना निघायची रेघ एकच, पोचायची रेघही तीच! मास्तरांच्या रांगेप्रमाणे उंच खांब्या सगळ्यांत आतल्या पट्टीत आणि बुटकी लवंगी सगळ्यांत बाहेरच्या!

"आत्या," ती म्हणाली, "लेसची रिळं दे ना! जेवढी आहेत तेवढी!"

"कशाला?"

"मैदानाला लावायला!"

आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. खिशातल्या घडी घातलेल्या कागदाची बातमी तिलाही लागली होती. "घे," ती म्हणाली. "पण मळवलीत तर तिघांचेही कान लांब करीन. मग ते मोजत बसा."

भर दुपारी मास्तर मांडवात झोपत. शिट्टी तोंडात तशीच राही आणि प्रत्येक घोरण्याबरोबर ती बारीक वाजे. तिच्या तालावर चिमण्या कवायत करत, असं पाहणारे सांगतात. त्या शिट्टीच्या आवाजातच तिघांनी काम केलं. खांब्या वाकून लेस रेघेवर बसवत होता, लवंगी ताणून धरत होती, शेपट्या मीटर मोजत होता.

आतली पट्टी : शंभर मीटरची दोन रिळं. अगदी बरोबर दोनशे!

बाहेरची पट्टी : दोन रिळं संपली आणि रेघ उरलीच. तिसरं रीळ लावलं. दहा, वीस, तीस...

"एकतीस!" शेपट्या किंचाळला.

घोरणं थांबलं. तिघंही मैदानावर आडवी! एक क्षण, दोन क्षण... आणि शिट्टी पुन्हा वाजू लागली.

"म्हणजे तू माझ्याहून एकतीस मीटर जास्त धावलीस," खांब्या कुजबुजला, "आणि हरलीस फक्त वीस मीटरनी. म्हणजे... मीच हरलो की!" मग त्याचा चेहरा उतरला. "पुन्हा शर्यत झाली आणि माझी बेटावरची जागा गेली तर?"

"तर मी बघून येईन आणि तुला सगळं सांगेन."

"दुष्ट!" खांब्या म्हणाला. पण लेस गुंडाळायला लागला.

"आत्ताच जाऊन सांगू या सरांना!" शेपट्या उठला.

लवंगीने त्याची सदऱ्याची कॉलर धरली. "मुळीच नाही. ते म्हणतील, बरं बरं, आणि पुसून टाकतील. मला सगळ्यांसमोर हसले ना? मग सगळ्यांसमोरच!"

समारोपाला सगळे पालक आले. शाळेच्या मोठ्या बाई आल्या, होडीवाले काकाही आले. मास्तर छाती काढून पत्रकं वाटत होते. तेवढ्यात लवंगी पुढे आली, हातात कोरं पत्रक.

"सर, तुमचंच राहिलं!"

"माझं?"

"आमच्या खेळाचा नियम आहे, सर. मोजणाऱ्यालाही मोजायचं!"

पालकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर फुलले. "लिही, चपळाई वीस! एकदा मी मोटारसायकलला मागे टाकलं होतं!"

"मोजल्याशिवाय लिहिता येत नाही, सर. माझ्याशी धावा ना. गोगलगायीशी!"

आता तर मास्तरांना नाही म्हणणंच शक्य नव्हतं. लवंगी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही बाहेरच्या पट्टीत धावाल? पाहुण्यांना जवळून दिसाल. फोटोही छान येतील."

"अगं, पट्टी कुठलीही दे!" मास्तर गरजले. "रेघ एकच, शेवट एकच! धावणाऱ्याला पट्टीने काय फरक पडतो?"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" लवंगीने वळून विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

खांब्याने शिट्टी फुंकली आणि दोघं सुटली! लवंगी गोफणीतून सुटल्यासारखी गेली. मास्तर इतक्या वेगाने धावले की पहिल्या रांगेतल्या तिघांच्या टोप्या उडाल्या आणि मांडवाचा एक खांब वाकला. शेवटच्या वळणावर दोघं अगदी बरोबरीला... आणि मास्तर हरले. फक्त एका वितीने हरले!

मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत म्हणाले, "हे... हे बरोबर नाही! मी बाहेरून धावलो! बाहेरून... लांब पडतं!"

लवंगीने शेपट्याला खूण केली.

"किती लांब पडतं, सर?" लवंगीने विचारलं.

मास्तर वळून बाहेरच्या पट्टीकडे बघायला लागले.

"एकतीस मीटर!" ती म्हणाली. शेपट्याने पिशवीतून गुलाबी लेस काढली आणि मास्तरांभोवती गोल गोल पळत सुटला. एकतीस मीटर संपेपर्यंत मास्तर गळ्यापासून पोटरीपर्यंत गुलाबी झाले होते. मग लवंगीने खिशातल्या कागदाच्या चार घड्या उलगडल्या आणि तो मास्तरांच्या छातीवर, लेसमध्ये खोचला. "चपळाई : १", आणि खाली गोगलगाय.

आधी मोठ्या बाई हसल्या. मग सगळं मैदान हसलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून कागद वाचला. पुन्हा वाचला, आणि मग हळूच म्हणाले, "मी मोजलं, पण मैदान मोजलंच नाही. चुकलो मी, पोरी. चित्रही काढायला नको होतं."

त्याच दिवशी प्रत्येक पट्टीची निघायची रेघ पुढे-पुढे सरकवली आणि तिन्ही फेऱ्या पुन्हा झाल्या. लवंगी पहिली, खांब्या दुसरा. ठेंगू आणि दात पडलेली मुलगीही निवडली गेली. होडीवाले काका म्हणाले, "ही पोरगी होडीत पुढे बसेल. हिला वळणं कळतात!" मोठ्या बाईंनी फक्कीचा डबा सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला. "पुढच्या वर्षी पट्ट्या तू आखायच्यास. एवढे मोठे आम्ही, पण एकाच्याही लक्षात आलं नाही!" आणि आत्या म्हणाली, "डोकं आहे हो हिला. लेस मात्र धुऊन द्यायची."

तर मुलांनो, आता नीट विचार करा. मास्तर एका वितीने हरले. पण धावले किती? एकतीस मीटर जास्त! म्हणजे लवंगीच्याच हिशोबाने, लवंगीच्याच लेसने मोजलं, तर खरं पाहता जिंकले ते मास्तरच, आणि त्यांची चपळाई चांगली वीसपैकी...

"खोटं!"

शिबिराच्या मांडवात बसलेल्या सगळ्या मुलांनी माना वळवल्या. मागे, खांबाला टेकून, शिबिराच्या बाई उभ्या होत्या. उंची जेमतेम, केसांत थोडी चांदी, हाताला फक्की आणि गळ्यात जुनी पितळी शिट्टी.

"साफ खोटं, सर! एक वीत? मी रेघ ओलांडली, बूट काढले, पाणी प्यायले, आणि तुम्ही अजून टाकीपाशी होता! लेस वजा केली तरी साठ पावलं उरतात. खांब्या खुर्ची घेऊन आला होता तुम्हाला आणायला!"

मुलं आधी बाईंकडे बघत राहिली, मग गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याकडे. म्हाताऱ्याने हळूच टोपी डोळ्यांवर ओढली.

"पहिल्या वर्षी तुम्ही दहा पावलं म्हणाला होता," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी दोन. आणि आज वीत! पुढच्या सुट्टीत तुम्हीच जिंकणार, सर!"