जप्तीतल्या होडीला पाणी

एकतीस सालचा चैत्र, भर दुपार... उरणच्या वाळूवर आमची होडी कलंडून पडलेली, आणि एक अनोळखी तरणा घागरीने तिच्यावर पाणी ओतत होता. मी डोक्यावरची माशांची पाटी उतरवली आणि थेट त्याच्या अंगावर गेले.

“कोण रे तू? कुणाच्या होडीला हात लावतोस?”

“सरकारच्या,” तो म्हणाला. “कोर्टानं राखणीला ठेवलाय. भागोजी, काशीदचा. आन तू?”

“जिची होडी सरकारनं गिळली, ती.”

त्याने मान खाली घातली... डोळे मात्र खाली गेले नाहीत मेल्याचे.

बिनजकातीचं मीठ वाहिलं म्हणून माझा बापूस सहा महिने तुरुंगात, आणि होडी लिलावात जायची होती. गुणाजीकाकाचा डाव सोपा होता. उन्हाने फळ्यांच्या सांधी उघडल्या की परका माणूस बोली लावणार नाही. गावातलं कुणी आमच्याविरुद्ध लावणारच नाही. मग काका होडी स्वस्तात सोडवून घेणार. सांधी काय, कापूस ठोकून, राळ भरून पुन्हा बुजवता येतात. आणि हा शहाणा रोज तीस घागरी ओतून होडी नव्यासारखी राखत होता.

डाव सांगावा तर माणूस कोर्टाचा. न सांगावा तर होडी जाते.

“पगार राखणीचा घेतोस, का न्हाऊ घालायचा?” मी रोज टोचायची.

“राखणीचाच. पण तू रोज येतेस ना... सुकलेली दाखवाया लाज वाटते.”

“मी माझ्या होडीला बघाया येते.”

“मग होडीलाच बघ की. माझ्याकडं किती बघशील?”

हसू आलं मला. राग आला, तो वेगळा.

लिलावाच्या आदल्या दिवशी पनवेलचा एक लाकूडव्यापारी येऊन होडी बघून गेला. फळ्या वाजवून बघितल्या, खूश झाला. तेव्हा माझा धीर सुटला. भागोजीला सगळं सांगितलं. घागर त्याच्या हातातच राहिली.

“आधी का न्हाय बोललीस?”

“कोर्टाच्या माणसाला?”

“मी तुझ्यासाठी ओतत होतो, नीरा...”

पहिल्यांदा नाव घेतलं, आणि तेही असं.

दुसऱ्या दिवशी बेलीफाने होडी पुकारली. काकाने बोली लावली. व्यापारी बोली चढवणार होता, पण आधी त्याने राखणदाराला विचारलं, “होडी कशी आहे रे?”

“चांगली हाय, शेठ. रोज तीस घागरी पाजतो तेव्हा सांधी मिटतात. चार दिस सोडली तर हाताचं बोट जाईल एवढ्या फटी.”

खोटं एक अक्षर नव्हतं. लाकडाची कुठलीही होडी उन्हात अशीच उघडते, दर्यावर वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. पण व्यापारी दर्यावरचा कुठे होता? तो मागे सरला. एक वार, दोन वार, तीन वार... होडी काकाच्या नावावर.

बेलीफ मात्र गाढव नव्हता. भागोजीची नोकरी तिथल्या तिथे गेली.

संध्याकाळी तो गाठोडं घेऊन काशीदला निघाला, तशी मी वाटेत उभी राहिले. कुणाला ‘थांब’ म्हणायची सवय मला नव्हती. आजही नाही.

“होडीवर एक माणूस कमी हाय,” मी म्हटलं.

“पगार?”

“जेवण. आन माझ्या शिव्या.”

“शिव्या किती दिस?”

वाऱ्याने पदर उडत होता, तो मी उगाचच पुन्हा पुन्हा सावरला.

“बापूस सुटून आला की त्याला विचार... जन्मभराच्या मागायच्या असल्या तर.”

त्याने गाठोडं खाली ठेवलं. ते अजून उचललेलं नाही.