वास गेला ती संध्याकाळ

जरा जवळ सरकून बसा. हे मला मोठ्याने सांगता येत नाही.

२०१३ चा डिसेंबर होता. मी नुकतीच एमएस्सी होऊन खारघरला घरी बसले होते. आई म्हणायची, सई रिकामी आहे. रिकामी कसली? ओहोटीच्या वेळा बघून नदीवर जायचं, पाण्याचे नमुने भरायचे, ते तपासायला द्यायचे आणि जिथे कुठे तक्रार घेतात तिथे जाऊन भांडायचं, एवढं काम मला होतं. ओहोटीलाच जायचं कारण भरतीला खाडीचं पाणी आत चढतं आणि वरच्या कारखान्यांनी सोडलेली घाण पातळ होते. तपासणीला येणारे साहेब नेमके भरतीला यायचे. बूट ओले न करता काठावरून बघायचे आणि मान डोलवून जायचे.

रोडपालीच्या पलीकडे, जिथे बिल्डिंगा संपतात आणि तिवरांची झाडी सुरू होते, तिथे कमलाकरदादांचं घर होतं. त्यांच्या घराण्यात सगळे या नदीवर जगलेले. नदीतला मासा संपला तेव्हा दादा पळस्प्याच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. पण हाताने फेकायचं गोल जाळं, ज्याला ते पाग म्हणायचे, ते अजून ओटीवर टांगलेलं असायचं. सुट्टीच्या दिवशी दादा त्याची भोकं सांधत बसायचे. नमुना घ्यायला मला चिखलातली वाट तेच दाखवायचे.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं.

"आली बाटलीवाली," वेणूवहिनी दारातूनच म्हणाल्या. "बाटल्या भरून भरून नदी आटवशील गं तू एक दिवस."

"आटली तर बरं होईल वहिनी. निदान वास तरी जाईल."

दादा हसले. "तुझ्या साहेबाला सांग, एक घोट पी म्हनावं. मग बाटल्या नाय लागनार."

ते उठले आणि त्यांनी पाग खांद्यावर टाकला. मला नवल वाटलं. वहिनींनीही पदर खोचला आणि चपला घातल्या.

"तुम्हीपण येताय?"

"यांच्यावर लक्ष ठेवायला," वहिनी म्हणाल्या. "परवापासून सांगतायत, ओहोटीला नदी परत येते म्हने. नदी काय माहेरी गेलती?"

दादा पाग घेऊन पुढे चालत राहिले.

नदी नेहमीसारखीच होती. त्या दिवशी तिचा रंग जांभळट होता. आदल्या खेपेला चहासारखा होता. कडेने फेस साचला होता, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल अडकले होते. डोळे चुरचुरत होते, घशात काहीतरी कडू उतरत होतं. मी नाकाला रुमाल बांधला. पाणी फार तर गुडघाभर असेल, खाली काळा गाळ. पलीकडे टॉवरचे दिवे लागायला लागले होते आणि हायवेवरच्या ट्रकांची घरघर अखंड चालू होती.

मी बाटलीचं झाकण उघडत होते, तेव्हा सगळ्यांत आधी वास गेला.

वारा फिरला असेल असं मला वाटलं. मी रुमाल खाली ओढला. कुजक्या अंड्यांचा, ॲसिडचा, जळक्या रबराचा, कुठलाच वास नव्हता. ओल्या मातीचा होता. आणि एक अगदी बारीक, गोडसर वास, जो मला ओळखता येईना. माझ्या शेजारी वहिनींनी जोरात श्वास घेतला आणि त्या पुटपुटल्या, "तिवराला फूल आलंय..." आम्ही उभ्या होतो तिथली तिवरं कधीची वाळून काठ्या झाली होती.

मग ट्रकांचा आवाज थांबला. कमी झाला नाही, थांबला. त्या शांततेत पाण्याचा आवाज यायला लागला. दगडांवरून पाणी उतरतं तसा, खळखळ. या नदीचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मी समोर बघितलं. टॉवर नव्हते. एकही दिवा नव्हता. डोंगराची रेघ आणि तिच्यावर फिकट केशरी आभाळ, एवढंच. आणि खाली नदी... नितळ. तळातली वाळू दिसत होती. वाळूवर पडलेल्या सावल्या हलत होत्या, आणि मला जरा वेळाने कळलं की त्या माशांच्या सावल्या आहेत. एक खंड्या आला, निळी रेघ ओढल्यासारखा पाण्यावरून गेला. पलीकडच्या झाडीत काजवे पेटले, विझले, पुन्हा पेटले.

मला रडू आलं. भीती वाटायला हवी होती, ती नाही वाटली. मी इतके महिने आकड्यांत ज्याच्यासाठी भांडत होते, ते हे होतं. मला कोणी दाखवलंच नव्हतं.

वहिनींनी माझं मनगट धरलं.

"सई... यो पानी आपला नाय."

पण दादा उतरले होते. त्यांनी पाग दोन्ही हातांत सावरला, कमरेतून वळले आणि फेकला. जाळं हवेत गोल उघडलं आणि पाण्यावर बसलं. त्यांनी हळूहळू ओढून घेतलं. आत एक जिताडा होता. हातभर लांब, चांदीसारखा, शेपटी आपटत. दादांनी तो दोन्ही हातांत धरून आम्हाला दाखवला. त्यांचं तोंड एखाद्या मुलासारखं झालं होतं.

"बघ वेणू! मी खोटं बोलत व्हतो?"

"बघितला. या आता वर."

"येतो. पयला हाय ना, सोडून येतो."

नंतर वहिनींनी मला सांगितलं ते असं. त्यांच्या घरात पहिला मासा ठेवत नाहीत. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तो हाताने नदीला परत द्यायचा, मग बाकीचे घ्यायचे. दादांच्या बापाने तेच केलं होतं आणि त्याच्या बापाने तेच.

"तिथनंच फेका!" वहिनी ओरडल्या. "अवो, फेका तिथनं!"

दादांनी मागे वळून बघितलं. रागावले नव्हते. समजावून सांगावं तसं म्हणाले, "फेकायचा नसतो गं. सोडायचा असतो."

आणि ते आत गेले. गुडघाभर पाण्याच्या नदीत त्यांच्या मांड्या बुडाल्या, मग कंबर. तिथे ते थांबले. मासा पाण्याखाली धरून वाकले. ओंजळ उघडली. मासा लगेच गेला नाही, त्यांच्या तळव्यांवर जरा थांबला. मग आत वळला, आणि तो कुठे जातो हे बघायला दादा आणखी वाकले. आणखी. पाण्याने त्यांचे खांदे घेतले, मग डोकं. एक थेंबही उडाला नाही.

मी धावले. माझा पाय पाण्यात पडला तो काळ्या गाळात रुतला, आणि वास परत आला. इतका जोरात, की मी तिथेच ओकले. ट्रक घरघरत होते. टॉवरचे दिवे लागले होते. समोर गुडघाभर जांभळं पाणी, आणि मागे वहिनी दादांना हाका मारत होत्या.

गाव आला. बॅटऱ्या आल्या, अग्निशमन दलाची गाडी आली. माणसं हात धरून रांगेने त्या गाळातून चालली, पुन्हा पुन्हा. गुडघाभर पाण्यात माणूस हरवत नाही, असं प्रत्येक जण म्हणत होता आणि पुन्हा चालत होता. मला पोलिसांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, दादा पाण्यात उतरले. पुढचं सांगायला तोंड उघडलं आणि वहिनींकडे बघितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी तेवढ्यावरच जबानी संपवली.

सकाळच्या ओहोटीला दादा सापडले. जिथून सगळे चालून गेले होते, तिथेच. गाळात उताणे पडले होते. त्यांचा पांढरा बनियन पांढराच होता. त्या नदीत मी बुडवलेला रुमाल कधी पुन्हा पांढरा झाला नाही, आणि त्यांच्या अंगावर एक डाग नव्हता. चौघांनी त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा तोंडातून पाणी आलं. स्वच्छ. येतच राहिलं. खाली गाळात एक खळगा झाला होता, त्यात ते साचलं. काळा चिखल त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबला, आत उतरला नाही. त्या ओंजळभर पाण्यात एक मासा होता. बोटाच्या पेराएवढं जिताड्याचं पिल्लू, कल्ले हलवत.

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी ते पिल्लू पाण्यासकट तळहातावर घेतलं आणि माझ्याकडे वर बघितलं.

"तू शिकलेली हायस ना? सांग मला. याला कुठं सोडू?"

काठावर सगळा गाव उभा होता. समोर नदी होती. मी कायदे सांगू शकले असते, पाण्यातल्या विषांची नावं सांगू शकले असते. मी मान खाली घातली. वहिनींनी बराच वेळ वाट बघितली, मग ते पिल्लू होतं तिथेच, त्या खळग्यात, परत ठेवलं.

पुढे काय झालं म्हणता? तक्रार चालू आहे. तारखा पडतात. साहेब अजून भरतीलाच येतात.

तो खळगा अजून आहे. रोज दोनदा भरती त्याच्यावरून जाते, सगळी घाण त्याच्यावरून जाते, आणि पाणी ओसरलं की तो नितळ असतो. पिल्लू आता दिसत नाही. तो तसाच आहे हे मी कोणाला सांगितलेलं नाही, लहान मुलांना तर त्या बाजूला फिरकू देत नाही. नमुना म्हणून त्यातलं पाणी भरायचं धाडस मला झालेलं नाही.

फक्त एकदा, गेल्या महिन्यात, मी वाकून त्यात हात घातला. खळगा वीतभर खोल असेल असं मला वाटलं होतं. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. तळ लागला नाही. आतलं पाणी गार होतं, आणि ते वाहत होतं. माझ्या बोटांमधून, संथ, एका दिशेने, एखाद्या मोठ्या नदीचं वाहावं तसं.

मला हात बाहेर काढावासा वाटेना.