तिसरं बेअरिंग

गाडी फाटकातून आत वळली आणि मास्तरणीने चहाचा कप खाली ठेवला. रस्त्यावरूनच तिला आवाज कळला होता. आत कुठेतरी खोल, ठक. मग जरा थांबून पुन्हा ठक. आवाज चांगला नव्हता, पण चेहऱ्यावर दाखवेल तर ती मास्तरीण कसली!

मास्तरीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहरातल्या निम्म्या मेकॅनिकांना पाना धरायला तिने शिकवलं म्हणून ते चिकटलं, आणि तिनेही ते बत्तीस वर्षं तोऱ्यात मिरवलं. वय अठ्ठावन्न, पण अजून नाकावर माशी बसू द्यायची नाही. गॅरेज तिचं आणि धाकट्या भावाचं. तो गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, ती इंजिनं उघडायची.

गाडी एका डॉक्टरांची होती, रोटरी इंजिनची. या इंजिनात पिस्टन वरखाली होत नाहीत. तीन कोनांचा रोटर गोल फिरतो आणि त्याच्या पोटात जाडजूड कड्यासारखं बेअरिंग असतं. असलं इंजिन म्हटलं की बाकीचे हात झटकायचे. मास्तरणीने मात्र गेल्या महिन्यात ते नवंकोरं करून दिलं, आणि देताना चारचौघांत बोलून बसली, की माझ्या हातच्या चुकीने हे बिघडलं तर त्याच दिवशी पाना खाली ठेवीन. अजून तीनशे किलोमीटरही झाले नव्हते.

डॉक्टर भला माणूस. घाई नाही म्हणाले आणि चावी देऊन पायीच गेले.

तिने इंजिन तापू दिलं. तेलाचा दाब आधी ठीक होता, तापल्यावर काटा खाली आला. मग तेल काढलं, फिल्टर कापला, आतला कागद उलगडला. घड्याघड्यांत तांबूस चकाकी होती. रोटरचं बेअरिंग गेलंय, असं तिने उघडण्याआधीच भावाला सांगितलं, आणि उघडल्यावर तेच निघालं. एवढ्या संकटातही तिला जरा बरं वाटलं.

पण झीज विचित्र होती. बेअरिंगच्या आतला राखाडी मऊ थर सगळीकडे शाबूत, फक्त एका जागी लंबगोल घासून खालचं तांबं उघडं पडलेलं. तेल कमी पडलं असतं तर झीज पसरली असती. कचरा गेला असता तर ओरखडे उठले असते. शाफ्ट वाकला असता तर कडा खाल्ल्या असत्या. तिने पंप तपासला, तेलाच्या वाटा फुंकून पाहिल्या, शाफ्ट फिरवून मोजला. कुठे केसाइतकी खोट निघेना.

दुसरं बेअरिंग बसवताना मापं तिने भावाला वाचायला लावली. उगाच उद्या कोणी म्हणायला नको की बाईंची नजर गेली. शेवटी तिची जुनी खोड. बाकीचे बेअरिंगच्या आत ब्रशने तेल लावतात. ही हातमोजा काढून उजव्या अंगठ्याने फिरवायची. एवढीशी चीर असली तरी अंगठ्याला कळते, असं ती शिकवायची.

इंजिन स्टँडवर वीस मिनिटं छान चाललं. मग ठक.

दोन्ही बेअरिंगं तिने टेबलावर शेजारी ठेवली. तोच लंबगोल, तेवढाच. दोन्हींमध्ये वरच्या टोकाला एक बारीक वाकडी रेघ होती, आणि तीही तीच. भावाने दोन्ही उचलून उजेडात धरली.

“ताई, रागावू नकोस,” तो म्हणाला. “तिसरं मी बसवतो.”

रागावली तर ती होतीच. तरी मागे हात बांधून उभी राहिली आणि हे असं धर, ते तसं ठेव, म्हणून त्याला भंडावून सोडलं. त्याने ब्रशने तेल लावलं. तिने नाक मुरडलं. मग दोघांनी इंजिन थेट गाडीत चढवून सुरू केलं.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. तासाभराने इंजिनाची घूं अशी एकसारखी लय लागली होती आणि दाबाचा काटा जागचा हलत नव्हता. शाब्बास, असं ती त्याला म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. शिष्य तिचाच होता. पण नजर पुन्हा पुन्हा टेबलावरच्या त्या दोन बेअरिंगांकडे जात होती. भाऊ खुशीत डॉक्टरांना फोन करायला आत गेला.

खोक्यात एक नवं बेअरिंग उरलं होतं.

तिने हातमोजा काढला. अंगठा आत टेकवला. घासला नाही, दाबला नाही, नुसता टेकवला. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. अंगठ्याला ऊब लागली नाही, काही टोचलं नाही.

तिने अंगठा उचलला.

खाली तांबं होतं.

लंबगोल बरोबर तिच्या अंगठ्याएवढा होता. वाकड्या रेघेच्या जागी अंगठ्यावर लहानपणीच्या कापल्याची खूण होती.

तिने बेअरिंग चिंधीत गुंडाळून खिशात टाकलं. एवढ्यात डॉक्टर आले. तिने बोलायला तोंड उघडलं, पण भाऊ आधी बोलला.

“सगळं ताईनेच बसवलं, डॉक्टर. तिच्या हाताला तोड नाही.”

आणि त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की बाई, आता मला खोटं पाडू नकोस. तिचा तो एकच भाऊ. तिचं ते एकच काम. पाना खाली ठेवून उद्या सकाळी उठून ती करणार काय होती?

मान आपोआप ताठ झाली.

“हो,” ती म्हणाली. “माझंच काम.”

डॉक्टरांनी गाडी सुरू केली, कान देऊन ऐकलं आणि उतरून हात पुढे केला. तिचा हातमोजा टेबलावर होता, चार पावलांवर. शेजारच्या दुकानातली माणसंही दारात येऊन बघत होती.

तिने हात दिला. तिने सोडवून घ्यायला पाहिलं, तरी डॉक्टर तो दोन्ही हातांत धरून किती वेळ कौतुक करत राहिले.

मग ते गाडीत बसले, काच खाली केली आणि निरोपाचा हात हलवला. दुपारचं लख्ख ऊन होतं. त्यांच्या हाताच्या पाठीवर, तिचा अंगठा टेकला होता तेवढ्या जागी, ना केस होता ना सुरकुती, आणि ती जागा तांबूस चकाकत होती. डॉक्टरांनी ती सहज पॅंटला घासली आणि गाडी रस्त्यावर काढली.