शून्य भरपाई

निर्नाद कक्षाचे जाड दार बंद झाले आणि विद्याधर हुद्दारांना स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. भिंती, छत, खालची बाजू, सगळीकडे स्पंजाच्या लांब पाचरी बसवल्या होत्या. त्या आवाज गिळून टाकत. काहीच परत येऊ देत नसत. पायांखाली तारांची जाळी होती. जाळीवर एक खुर्ची आणि तिच्यासमोर तीन मीटरवर माणसाच्या उंचीचे दोन काळे ध्वनिस्तंभ.

"नाव काय ठेवलंय यांचं?" हुद्दारांनी विचारले.

"अजून तरी आम्ही 'सात नंबर' म्हणतो," ते बनवणाऱ्या प्रयोगशाळेच्या डॉ. अन्वया सरंजामे म्हणाल्या. "आत काय आहे ते आज सांगणार नाही. आधी तुमचं मत, मग आमचं स्पष्टीकरण. ही अट चालेल ना?"

"चालेल काय, सगळ्यांनी अशीच अट घालायला हवी," हुद्दार खूश होऊन म्हणाले.

त्यांचे वय चौसष्ट. ध्वनियंत्रांवर लिहायला लागून तीस वर्षे झाली होती. पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत घरी चांगला स्पीकर आणू पाहणारा माणूस आधी हुद्दारांनी काय लिहिले आहे ते वाचत असे. आपल्या कानांवर आपले पोट चालते, असे ते भाषणांत सांगत आणि लोक हसत.

सरंजामे बाहेर गेल्या. दिवे मंद झाले. दोन तंबोरे सुरू झाले आणि हुद्दारांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले गेले.

तारेवरून बोट सुटतानाची बारीक खसखस त्यांना ऐकू आली. षड्जाच्या आतून उगवणारा गंधार ऐकू आला, त्याच्याही वर काचेसारखे चमकणारे आणखी दोन-तीन स्वर. गायिकेने ओठ उघडले तो क्षणही ऐकू आला. हे सगळे त्यांनी पूर्वी कधीतरी ऐकले होते. पण कुठे, ते आठवेना. वीस मिनिटांनी दार उघडले तेव्हा ते रुमालाने डोळे पुसत होते.

"डॉक्टर, चाळीस वर्षांत मी असं ऐकलेलं नाही," ते म्हणाले.

सरंजामे हसल्या, पण लगेच हातातल्या इलेक्ट्रॉनिक पाटीकडे पाहू लागल्या. पाटीवर काय होते, ते हुद्दारांनी विचारले नाही.

महिनाभराच्या चाचणीसाठी एक जोडी त्यांच्या घरी पोचती झाली. हुद्दारांनी दिवाणखान्यातली दोन कपाटे हलवली, गालिचा बदलला आणि दोन दिवसांत लेख लिहून काढला. 'जगातल्या बाकीच्या स्पीकरांवर आजवर पडदा होता. तो कुणीतरी काढला,' असे त्यांनी लिहिले. शुक्रवारी लेख प्रसिद्ध झाला आणि रविवारी सकाळी त्यांनी तीन जुन्या मित्रांना पोह्यांना बोलावले. मुलगी इरावती आदल्या दिवशीच बंगळूरहून आली होती.

मित्र बसले, हुद्दार आपल्या खुर्चीत बसले. तंबोरे सुरू होताच इरावतीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाबा, आवाज कमी करा. टोचतंय."

"टोचतंय?" हुद्दारांनी मित्रांकडे पाहिले. तिघेही डोळे मिटून माना डोलावत होते. "तुला मोबाइलवर ऐकायची सवय. खरा आवाज कसा असतो ते आज पहिल्यांदाच ऐकते आहेस."

"बाबा, खरंच त्रास होतोय. कुणीतरी पत्रा कापतंय असं वाटतंय."

"मग आत जाऊन बस. इथे चार माणसं ऐकताहेत."

मित्रांपैकी एक जण हसला. इरावती उठून आत गेली. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्याशी फारशी बोलली नाही आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने निघून गेली. जाताना एवढेच म्हणाली, "बाबा, एकदा डॉक्टरांना विचारा. त्या यंत्राबद्दल म्हणतेय."

हुद्दार त्याच दिवशी प्रयोगशाळेत गेले. एखादा तांत्रिक दोष निघाला तर आपल्याच लेखात दुरुस्ती करावी लागेल, एवढीच काळजी त्यांच्या मनात होती. झाला प्रकार त्यांनी सांगितला. सरंजामेंनी मान हलवली.

"दोष नाही. तुमच्या मुलीनं बरोबर ऐकलं. तुम्हीही बरोबर ऐकलंत."

"हे कसं शक्य आहे?"

"सांगते. आपला कान नुसता ऐकत नाही, थोडा बोलतोही. आतल्या कानात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. स्वर आला की त्या थरथरतात, आणि त्या थरथरीचा अतिशय क्षीण आवाज कानातून उलटा बाहेर येतो. याला आम्ही कर्णप्रतिसाद म्हणतो. सात नंबरमधून एक अदृश्य अवरक्त किरण ऐकणाऱ्याच्या कानाच्या पडद्यापर्यंत जातो आणि तो प्रतिसाद वाचतो. ज्या स्वराला प्रतिसाद येत नाही..."

"त्या पेशी मेलेल्या," हुद्दार म्हणाले.

"हो. मग स्तंभ तो स्वर उचलतो, धारदार करतो आणि पाठवतो. आम्ही त्याला श्रवणभरपाई म्हणतो. खुर्चीत जो बसेल त्याच्या कानांना जे कमी पडतं ते स्तंभ भरून काढतो. म्हणजे ऐकणाऱ्याला निरोगी कानानं ऐकल्यासारखं वाटतं. शेजारी खरोखर निरोगी कानाचं माणूस असेल तर त्याला मात्र ती भरपाई टोचते. त्या दिवशी स्तंभ तुमच्यासाठी वाजत होता."

"मित्रांना टोचलं नाही."

"त्यांची वयं काय?"

तिघेही साठी ओलांडलेले होते. हुद्दार म्हणाले, "माझा आलेख असेल तुमच्याकडे."

सरंजामेंनी पाटी त्यांच्यापुढे ठेवली. हिरवी रेघ डावीकडच्या खालच्या स्वरांपासून सरळ निघाली होती आणि मध्याच्या थोडे पुढे कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. तिथून पुढे काहीच नव्हते.

"आम्हाला वाटलं, तुम्हाला याची कल्पना असेल," सरंजामे हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या व्यवसायात लोक दर वर्षी कान तपासून घेतात."

हुद्दारांनी कान कधीच तपासले नव्हते. तपासायला सांगणाऱ्या एका संपादकाशी त्यांनी भांडण केले होते.

"किती वर्षांचं आहे हे?"

"एवढा उतार एका-दोन वर्षांत येत नाही. पंधरा वर्षं तरी. सुरुवात आणखी आधीची."

"हा आलेख पुसता येईल का?" हे बोलून गेल्यावरच आपण काय विचारले ते त्यांच्या लक्षात आले.

"आलेख तुमचा आहे. तुम्ही म्हणालात तर पुसेन," सरंजामे म्हणाल्या.

"पुसा."

पुढचे आठ दिवस हुद्दार घरीच होते. सात नंबरवरच्या लेखाला रोज अभिनंदनाची पत्रे येत होती. 'तुमच्यासारखे कान पुन्हा होणे नाही,' असे एकाने लिहिले होते. त्यांनी इरावतीला फोन करून क्षमा मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या हो बाबा." ते जाऊ देण्यासारखे नव्हते, पण का, ते तिला सांगायची हिंमत त्यांना झाली नाही.

पंधरा वर्षांतले आपले लेख त्यांनी काढून वाचले. बहुतेक ठिकाणी निभावून गेले होते; आकडे होते, इतरांची मते होती. फक्त एका लेखापाशी त्यांचा हात थांबला. अकरा वर्षांपूर्वीचा होता. मिरजेचे दस्तगीर मुल्लाणी हे तंबोरे बनवणारे आणि त्यांची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, लावणारे कारागीर. त्यांनी तंबोऱ्याच्या दांडीसाठी वापरतात त्या तुणीच्या लाकडाचे ध्वनिस्तंभ घडवले होते; कोणतेही मापन न करता, निव्वळ कानाने जुळवून. मोठ्या आशेने ते पुण्याला घेऊन आले होते. हुद्दारांनी लिहिले होते: 'या पेट्यांवर घोंगडी टाकलेली आहे आणि दुर्दैवाने ती बनवणाऱ्यालाच ऐकू येत नाही.'

शेवटचे अर्धे वाक्य लिहिताना आपल्याला मजा वाटली होती, हेही त्यांना आठवले.

नवव्या दिवशी त्यांनी सरंजामेंना फोन केला. सगळे सांगितले. मग म्हणाले, "सात नंबरची एक जोडी मिरजेला न्यायची आहे. मी त्या माणसाला देऊ शकेन अशी याहून चांगली वस्तू माझ्याकडे नाही."

"मीही येते," सरंजामे म्हणाल्या.

मुल्लाणींची कार्यशाळा घराच्या ओसरीतच होती. दोऱ्यांनी आढ्याला टांगलेले भोपळे, खाली भुसा आणि कोपऱ्यात गवसणीत झाकलेले तीन तंबोरे. दस्तगीरभाई चौपन्न वर्षांचे, शिडशिडीत होते. त्यांनी हुद्दारांना ओळखले, सतरंजी झटकून टाकली आणि चहा सांगितला.

"या साहेब. मॅडम, बसा."

हुद्दार बसले नाहीत. उभ्यानेच, कुठेही न थांबता त्यांनी सांगून टाकले. त्या वेळी माझे कान गेलेले होते. मला वरचे स्वर ऐकूच येत नव्हते. घोंगडी माझ्या कानांवर होती. मी खोटे लिहिले, आणि तुमच्याबद्दल जे लिहिले ते माझ्याबद्दल खरे होते.

चहा आला, तसाच राहिला.

"म्हणजे मला ऐकू येत होतं?" दस्तगीरभाईंनी विचारले.

हुद्दारांना वाटले होते, माणूस रागावेल, घराबाहेर काढेल. या प्रश्नाची त्यांची तयारी नव्हती.

"हो," ते कसेबसे म्हणाले.

"तुमचा लेख आला, तेव्हा मी म्हटलं, एवढा मोठा जाणकार म्हणतोय तर असंल खरं. पुढच्या पेट्यांचा वरचा आवाज चढवला. लोक म्हणाले, कान फाटतात. परत आणून दिल्या. मला तर दोन्ही वेळा माझंच बरोबर वाटत होतं. पहिल्या चांगल्या, दुसऱ्या वाईट. मग म्हटलं, आपल्या कानाचाच भरवसा नाही." ते थांबले. "जवारी लावायला बसलो की हात अडायचा. गवई समोर बसायचे आणि मला घाम फुटायचा. सोडून दिलं साहेब. दहा वर्षं झाली. आता नुसते भोपळे कोरतो, दांड्या जोडतो. जवारी धाकटा भाऊ लावतो."

"त्या पहिल्या पेट्या कुठे आहेत?"

"फोडल्या. लाकूड कामाला आलं."

मग सरंजामे म्हणाल्या, "भाई, आम्ही सोबत एक यंत्र आणलंय. एकदा त्याच्यासमोर खुर्चीत बसता? तुमचे कान कसे आहेत ते यंत्र सांगेल. साहेबांच्या शब्दावर पुन्हा विसंबायला नको."

सात नंबर ओसरीत उभे केले गेले. दस्तगीरभाई टोपी सारखी करून बसले. तंबोरे सुरू झाले. हुद्दार त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आपल्या डोळ्यांत आले तसे पाणी आता त्यांच्याही डोळ्यांत येईल, या अपेक्षेने. स्वतःला मात्र त्यांना आज काहीच विशेष ऐकू येत नव्हते. आवाज कोमट आणि बोथट वाटत होता.

"आज बिघडलेत का हे?" त्यांनी हळूच विचारले.

सरंजामेंनी पाटी वळवून दाखवली. हिरवी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. "बिघडले नाहीत. त्यांच्या कानांना काहीच कमी नाही. भरपाई शून्य आहे."

गाणे संपले. दस्तगीरभाई सभ्यपणे म्हणाले, "बरा आहे. साधा आहे. मधले स्वर जरा कोंदट वाटतात, लाकूड नाही ना आत. पण बरा आहे."

हुद्दारांनी सरंजामेंकडे पाहिले.

"बरोबर सांगताहेत," त्या म्हणाल्या. "आमचं सगळं कसब भरपाईत गेलं. ती काढली की सात नंबर हा एक मध्यम स्पीकर आहे."

"पण मी म्हणालो होतो, चाळीस वर्षांत असं ऐकलं नाही म्हणून."

"ते खरंच होतं. चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही असंच ऐकत होतात. कुठल्याही स्पीकरवर."

हुद्दार आता खाली बसले. त्यांची निंदा चुकली होती, आणि स्तुतीही. जगातली सर्वांत चांगली वस्तू म्हणून आपण जे घेऊन आलो त्यात या माणसाच्या उपयोगाचे काहीच नाही, हे त्यांना कळले. कान तापले होते. इरावतीला आत जायला सांगितले तेव्हा मित्र हसला होता, तो हसण्याचा आवाज त्यांना आत्ता, इथे ऐकू आला.

"मी हे सगळं छापणार आहे," ते म्हणाले. "माझ्या आलेखासकट. तो पुन्हा काढून घेईन. तुमची हरकत नसेल तरच."

"छापा," दस्तगीरभाई म्हणाले. "माझं नाव घाला. पूर्ण घाला, गावासकट. त्या वेळी घातलं होतं तसं."

मग ते उठले, कोपऱ्यातल्या एका तंबोऱ्याची गवसणी काढली आणि तो आडवा मांडीवर घेतला. घोडीवर तारेखाली सुती दोरा होता. अंगठ्याच्या नखाने त्यांनी तो केसभर सरकवला, तार छेडली, पुन्हा सरकवला. तिसऱ्या वेळी सरंजामेंनी एकदम मान वर केली. दस्तगीरभाईंनी दोरा तिथेच सोडला. ते तार छेडत राहिले.

हुद्दारांची मान डोलू लागली होती. तीस वर्षांची सवय. ते लक्षात येताच त्यांनी ती थांबवली.

"आता कसं वाटतंय साहेब?" दस्तगीरभाईंनी विचारले. समोर बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारावे, तसे.

"मला ऐकू येत नाही," हुद्दार म्हणाले.

दस्तगीरभाईंनी मान हलवली आणि तंबोरा थोडा सरंजामेंकडे वळवला.