रेकॉर्ड केलेला हुंकार

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला कोणाला पटवून द्यायचं नाहीये. पण यात मी तिखटमीठ लावलेलं नाही. लावायचंच असतं तर निदान स्वतःला तरी थोडं बरं दाखवलं असतं.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. माझी भर दुपारची आहे.

रविवार होता. तीन वाजायला दहा मिनिटं कमी. आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझं कामाचं टेबल आहे, तिथे मी बसले होते. नवरा लेकीला घेऊन नणंदेकडे गेला होता. घरात मी एकटी.

पण त्याआधी काका कोण ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला काहीच कळणार नाही.

काका माझ्या नात्यातले नव्हते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला साधा माणूस. आमच्या प्रोग्रामिंगच्या धंद्यातले सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांनी 'फाटक' नावाचा एक प्रोग्राम लिहिला होता. हा प्रोग्राम वेबसाइटच्या दारात बसतो. आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेतो. चोर असेल तर बाहेरच अडवतो. आणि हे सगळं इतक्या झटपट, की वेबसाइट जराही हळू होत नाही.

फुकट होता तो. ओपन सोर्स. म्हणजे कोणीही उघडून वाचावा, कोणीही सुधारावा, कोणीही वापरावा. हजारो वेबसाइट त्याच्या भरवशावर चालत होत्या. आणि त्याची देखभाल करणारे होते फक्त दोघं.

काका आणि मी.

काकांचा एकच नियम होता. प्रोग्राममध्ये काही बदलायचं असेल, तर ते फोनवर मला एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवायचे. मी प्रत्येक ओळीला 'हं' म्हणायचं. शंका आली तर थांबवायचं.

"नुसतं डोळ्यांनी वाचलं की मन पुढे पळतं," ते म्हणायचे. "कानाने ऐकलं की पळता येत नाही. दुसऱ्याने ऐकल्याशिवाय एक ओळ आत जाणार नाही बघ."

पहिली दोन वर्षं मी डोळ्यांत तेल घालून ऐकलं. तीन वेळा त्यांच्या चुकाही पकडल्या. लहान मुलासारखे खूश व्हायचे.

मग मला मुलगी झाली.

संध्याकाळी सातला काकांचा फोन. त्याच वेळी लेकीचं जेवण. त्याच वेळी ऑफिसच्या साहेबांचे मेसेज. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी वेळ बदलली असती. नक्की बदलली असती. पण मी सांगितलं नाही.

मी काय केलं, माहितीये?

मी माझा 'हं' रेकॉर्ड केला.

तीन प्रकारचे. एक साधा. एक जरा लांब, विचार करत म्हटल्यासारखा. आणि तिसरा म्हणताना लेकीने हातातला चमचा खाली भिरकावला, म्हणून त्याच्यामागे चमचा पडल्याचा खणखणाट आला. पुन्हा रेकॉर्ड करायचा मी कंटाळा केला. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला. काका बोलायचे थांबले की एका सेकंदाने तो तिन्हींपैकी एक हं ऐकवायचा.

अर्धा तास काका वाचत असायचे. मी स्वयंपाकघरात लेकीला भरवत असायचे. मागच्या खोलीत माझा हं चालू असायचा.

खरं सांगते, तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटायचं.

असं दीड वर्ष चाललं.

मग फाटकात एक भोक निघालं. अवाच्या सवा लांब मजकूर पाठवला, की झडती न होता चोर सरळ आत. बऱ्याच वेबसाइट फुटल्या. त्यात एक मानसोपचाराचा दवाखाना होता. लोकांनी डॉक्टरांना बंद दाराआड सांगितलेल्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या. नावांसकट.

तो बदल काकांनी आदल्या महिन्यात केला होता. माझ्या हुंकारावर.

बातमी आली त्या दिवशी मी सगळ्यात आधी काय केलं? माझा तो प्रोग्राम पुसला. तिन्ही आवाज पुसले. 

काकांनी फाटकाच्या पानावर चार ओळींचा माफीनामा लिहिला. 'चूक माझी आहे. ऐकणाऱ्याचा दोष नाही.'

ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते लिहायला... पण पडला. मी तोंडाला कुलूप लावलं.

लोकांनी त्या माफीनाम्याखाली काकांना काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनी बाहेर जाणं सोडलं. मला फोन करणंही सोडलं. पाच महिन्यांनी एका सकाळी ते उठलेच नाहीत. हृदय आधीपासून कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी भेटायलाही गेले नाही. काकूंना फोन करून दोन वाक्यांत वेळ मारून नेली.

तर तो रविवार.

काकांना जाऊन सहा आठवडे झाले होते. फाटकात आणखी एक बारीक दोष सापडला होता आणि दुरुस्ती त्याच दिवशी द्यायची होती. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. मी एकटीच मोठ्याने वाचू लागले. सवय म्हणा. भीती म्हणा.

पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचली...

"हं."

मी थांबले.

वाटलं, बाहेरून आला असेल आवाज. शेजारी कोणी फोनवर बोलत असेल.

चौथी ओळ वाचली. जरा हळू.

"हंऽ."

हा लांब होता. विचार करत म्हटल्यासारखा.

 तो आवाज माझाच होता.

मी लॅपटॉपचा आवाज बंद केला. स्पीकरची वायर काढली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आले. तो प्रोग्राम मी पुसला होता, ते आवाजही पुसले होते, तरी सगळीकडे शोधलं. कुठेही काही नव्हतं.

मग मला राग आला. भीतीपेक्षा राग जास्त. मी परत बसले आणि पाचवी ओळ जवळजवळ ओरडून वाचली.

"हं."

आणि पाठोपाठ... चमचा पडला.

खणखण आवाज झाला. फरशीवर फिरत फिरत थांबला.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. फरशी स्वच्छ होती. चमचे सगळे खणात. मोजले नाहीत, पण खण उघडून पाहिला. मग लक्षात आलं, फ्रिजचा आवाज येत नाहीये. दिवा लागत होता आतला. थंडही होता. फक्त आवाज नव्हता. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याचाही नाही. खिडकीबाहेर रस्ता वाहत होता आणि एक हॉर्न ऐकू येत नव्हता.

पळून जायला हवं होतं. चप्पल घालून जिना उतरायचा, बस. तुम्ही म्हणाल, का नाही गेलीस?

कारण मला कळलं होतं, हे कोणत्या ओळीपर्यंत जाणार आहे.

मी परत खोलीत आले. वाचत गेले. प्रत्येक ओळीला माझाच हं मला मिळत गेला. मधे मी मुद्दाम एक ओळ चुकीची वाचली, तर तिलाही "हं". काहीही वाचा... हं. तेव्हा पहिल्यांदा कळलं, दीड वर्ष काका कोणाशी बोलत होते.

बेचाळिसाव्या ओळीवर मजकुराच्या लांबीची तपासणी होती. काकांनी काढलेली आणि चोऱ्या झाल्यावर परत घातलेली. ती ओळ मी वाचली...

हुंकार आला नाही.

मी वाट पाहिली. एक सेकंद. दोन. दहा.

मग टेबलाच्या पलीकडून, जिथे नुसती भिंत आहे तिथून, काकांचा आवाज आला. दमलेला. फोनवर यायचा तसा, जरा खरखरीत.

"इथली लांबीची तपासणी काढतोय मी. तेवढाच वेग वाढेल. चालेल ना गं?"

मी हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मी तोंड उघडलं. 'नाही' म्हणायला उघडलं...

"हं," माझ्या पाठीमागून मी म्हणाले.

आणि चमचा पडला.

त्यानंतर पंखा सुरू झाला. म्हणजे त्याचा आवाज सुरू झाला. घड्याळात तीन वाजले होते. संध्याकाळी नवऱ्याला मी बाहेर जिन्यात बसलेली सापडले.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. बसने दीड तास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोन खोल्यांचं घर, दाराशी काकांच्या चपला अजून तशाच. टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर फाटकाचं पान. तो माफीनामा आणि त्याखालच्या शिव्या.

"रोज सकाळी बघते," काकू म्हणाल्या. "बघू नये कळतं गं. पण रोज एक तरी नवीन असतोच. मेलेल्या माणसाला किती बोलायचं, याला काही मर्यादा?"

मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग, तीन हं, पुसून टाकणं. रविवारचंही सांगितलं. काकांनी विचारलेला प्रश्न मी शब्दाला शब्द म्हणून दाखवला.

काकूंनी तो प्रश्न मला पुन्हा एकदा म्हणायला लावला.

मग म्हणाल्या, "हेच विचारलं होतं त्यांनी. मी इथेच बसले होते शिवण घेऊन. पण तू तर ऐकलंच नव्हतंस. तुला कसं माहीत?"

रविवारी पहिल्यांदा ऐकलं, एवढंच मी पुन्हा सांगितलं. 

"आणि एक सांगू का?" काकू म्हणाल्या. "त्यांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"मशीन हं म्हणतंय ते. अगं, तीस वर्षं टेलिफोनच्या तारांवर कान ठेवलेला माणूस. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, हिच्याकडे चमचे फार पडतात, आणि दर वेळी अगदी सारखेच पडतात."



"मग फोन का नाही ठेवला त्यांनी? मला बोलले का नाहीत? चांगलं फैलावर घ्यायचं होतं मला!"

"मीही तेच म्हटलं. फोन ठेवा, नाहीतर झापा तिला एकदा. तर म्हणाले, राहू दे. पोर दमलेली असते." काकूंनी पदराने डोळे टिपले. "म्हणाले, माझं मी नीट वाचतो, तिला कशाला बोलायचं. आणि त्या दिवशी घाईत त्यांनीही नीट वाचलं नाही. म्हणून तर चूक माझी असं लिहिलं. खोटं नव्हते लिहीत ते."

कोणी मला त्या घरात कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. काकूंनी चहा केला. मी तो प्यायले. कसा प्यायले ते मला विचारू नका.

"मी आता काय करू, काकू?"

"ते मला कशाला विचारतेस?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. "लिहिता तुला येतं. मला तर नुसतं वाचता येतं."

मी तिथेच, काकांच्या खुर्चीत बसून लिहिलं. माझ्या खऱ्या नावाने. काय केलं, कसं केलं, कधी पुसलं, सगळं. काकांच्या माफीनाम्याच्या वर लावलं.

आता शिव्या मला येतात. नोकरी गेली. नवरा अजून धड बोलत नाही, आणि त्याचं चुकत नाही. त्या दवाखान्यातल्या एका बाईंनी मला पत्र लिहिलं. ते मी पूर्ण वाचलं. त्यातलं एक वाक्यही इथे सांगणार नाही. गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला, "आज त्यांना कोणी काही बोललेलं नाही गं." एवढंच बोलल्या आणि ठेवला.

त्या दिवशी लिहून घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, संपलं. सगळं कबूल केलं म्हटल्यावर आणखी काय हवं असणार?

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या खोलीत बसले. मुद्दाम. तीनला दहा कमी असताना. फाटकाची ती ओळ उघडली आणि वाचली...

पंख्याचा आवाज गेला.

"इथली लांबीची तपासणी काढतोय मी..."

मी तयारीत होते. प्रश्न पुरा व्हायचीही वाट पाहिली नाही. "नाही काका, नका काढू!" म्हणून जिवाच्या आकांताने ओरडले.

त्याच्याआधी पाठीमागून हं आला होता.

तेव्हापासून सात रविवार झाले. दर वेळी मी आधीपासून श्वास भरून ठेवते. ते विचारतात, मी नाही म्हणते. किती घाई केली तरी तो हं माझ्याआधी येतो.

आणि काका समाधानाने म्हणतात, "बरं, मग पुढे जातो."